मिरचीचा प्रश्न

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांवर माझा फार दिवसांचा राग आहे. ती पुस्तके वाईट असतात असे नव्हे. त्यांतली माहिती बहुधा खरीच असते. पण या पुस्तकांना जवळचे म्हणून काही दिसत नाही. सर्वांत उंच शिखर, सर्वांत लांब नदी, सर्वांत लहान देश! जे जे आपल्या उंबऱ्यापासून दूर आणि आपल्या मापाबाहेरचे, ते ते सामान्य ज्ञान! आमच्या चिरंजीवांना बुर्किना फासोची राजधानी पाठ आहे. वागादुगू. हा शब्द तो इतक्या चवीने उच्चारतो की, ते गावाचे नाव नसून एखाद्या मिठाईचे असावे असे वाटते. त्यालाच मी एकदा विचारले, "साबुदाणा कशाचा करतात रे?" त्याने क्षणभर डोके खाजवले आणि सांगितले, "करतात कशाला? झाडाला येतो." कोणत्या झाडाला? "साबूच्या!"

त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या तरुण मंडळींनी कोजागिरीला गच्चीवर प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम ठरवला आणि "सर, प्रश्न तुम्हीच काढा" म्हणून गळ घातली, तेव्हा मला मनातून आनंदच झाला. मराठीचा प्राध्यापक म्हटला की लोकांची अपेक्षा ठरलेली. फार तर तो कवींची टोपणनावे विचारील आणि दोन म्हणी अर्ध्या सांगून पूर्ण करायला लावील. ते मी करणार नव्हतो. मी दोनच अटी घातल्या. मोबाईल दाराशी परडीत ठेवून यायचे, आणि विषय कोणता ते आधी विचारायचे नाही.

गच्चीवर सतरंज्या पडल्या, दूध आटू लागले, तीन संघ बसले. एक मुलांचा, एक पुरुषमंडळींचा आणि एक बायकांचा. मुलांच्या संघातल्या एकाने शंभर देशांचे झेंडे ओळखण्याचा सराव करून आल्याचे आधीच जाहीर केले होते. मी फळा टेकवून उभा केला आणि बायकांच्या संघाला म्हटले, "एकादशीचं ताट सांगा. मी लिहितो."

असा प्रश्न कुणाला अपेक्षित नव्हता. पण उत्तर सांगायला अडचणही नव्हती. साबुदाण्याची खिचडी. तीत दाण्याचे कूट, बटाटा, हिरवी मिरची, जिरे, तूप. वरईचे तांदूळ. दाण्याची आमटी. रताळ्याचे काप. काकडीची कोशिंबीर, वर दही. राजगिऱ्याचा लाडू. फळांत केळे आणि पपई. "लाल भोपळ्याची भाजी राहिली," एक आजीबाई म्हणाल्या. मी तीही लिहिली. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे ज्याने म्हटले त्याने हिशेब अगदी नीट केला होता.

"आता प्रश्न," मी म्हणालो. "१४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला. त्याच्या आदल्या दिवशी एकादशी होती असं समजा. त्या दिवशीच्या ताटात यांतलं काय काय असेल?"

सगळे हसले. सगळेच असेल, यात विचारायचे काय! एकादशी म्हणजे काय कालपरवाची गोष्ट आहे?

मी ओला बोळा घेतला आणि पुसायला लागलो. बटाटा पहिला गेला. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागला, आणि घरोघर पोचायला त्याला एकोणिसावे शतक उजाडले. त्याचे नावही त्याचे स्वतःचे नाही. कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी 'बटाटा' म्हणत ते रताळ्याला. पोर्तुगिजांनी ते नाव बटाट्याला लावले आणि आपण ते जसेच्या तसे उचलले. म्हणजे गेली कित्येक वर्षे आपण बटाट्याला 'रताळे' म्हणून हाक मारीत आहोत, आणि तोही निमूटपणे ओ देत आहे! बटाट्यापाठोपाठ रताळे गेले. तेही अमेरिकेचेच. मग शेंगदाणा. तोही दक्षिण अमेरिकेचा. त्याच्याबरोबर कूट गेले, आमटी गेली. लाल भोपळा गेला. पपई गेली. राजगिऱ्याचा लाडू पुसताना माझाच हात अडखळला, कारण त्याची हकीकत या सगळ्यांत मला फार आवडते. राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या पिठात मध वगैरे घालून देवाच्या मूर्ती घडवीत आणि मग त्या प्रसाद म्हणून खात. स्पॅनिश लोकांना हा प्रकार आपल्या धर्माची विटंबना वाटला आणि त्यांनी तो दडपला. पण लाडू काही मरत नाही. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या पाकात घोळून वड्या करतात आणि त्यांना 'अलेग्रीया' म्हणतात. अलेग्रीया म्हणजे आनंद. आपण उपासाला खातो तीच वडी, फक्त नाव निराळे.

साबुदाण्यापाशी मी थोडा वेळ थांबलो, कारण तिथे आमच्या चिरंजीवांची अब्रू गुंतलेली होती. साबूचे झाड खरोखरच आहे! 'सागू' हा मलाया-इंडोनेशियाकडचा शब्द. तिकडच्या एका ताडाच्या खोडातल्या गरापासून मूळचा साबुदाणा निघतो. पण आपण खातो तो साबुदाणा त्या झाडाचा नव्हे. तो टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा. आणि तो कंद ब्राझीलकडचा. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० नंतरच्या पाच वर्षांच्या आपल्या कारकीर्दीत प्रजेला भाताच्या जोडीला काही पोटभरीचे मिळावे म्हणून तो लावायला उत्तेजन दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून येणारा माल बंद पडला, तेव्हा तमिळ मुलखात सेलमच्या आसपास या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. नाव मलायाचे, कंद ब्राझीलचा, कारखाना सेलमचा आणि पुण्य आपल्या खात्यावर! आज आपल्या वाटीत येते ती खिचडी, नीट हिशेब केला तर, आपल्या आजीपेक्षा वयाने फारशी मोठी नाही.

फळ्यावर शेवटी राहिले वरईचे तांदूळ, काकडी, दही, तूप, जिरे आणि केळे.

"अहो सर," पुरुषांच्या संघातून आवाज आला, "ही खरी एकादशी झाली!"

यावर जो हशा पिकला त्यात दूध उतू गेले. पण हशा ओसरल्यावर मागच्या सतरंजीवर थोडी कुजबुज झाली. माणसाला आपण चंद्राविषयी चुकीची समजूत बाळगून होतो असे सांगितले तर राग येत नाही. खिचडीविषयी सांगितले तर येतो. एका काकूंनी मला स्पष्टच विचारले, "मग आमच्या सासूबाईंनी जन्मभर केले ते उपास वाया गेले म्हणायचे का?"

मुळीच नाही, असे मी सांगितले, आणि ते मनापासून सांगितले. माझा स्वतःचा तर्क असा आहे की, हे पाहुणे उपासाच्या ताटात शिरले ते त्यांच्यावर कुणाची बंदी नव्हती म्हणून. जुन्या ग्रंथकारांनी एकादशीला धान्य वर्ज्य केले. त्यांनी बटाट्याला मनाई केली नाही, यात त्यांचे औदार्य नव्हे. त्यांना बटाटा माहीतच नव्हता. जे बिचारे कांदा-लसूण पिढ्यान् पिढ्या याच मातीत वाढले त्यांची सगळी कुंडली शास्त्रकारांपाशी होती, म्हणून ते ताटाबाहेर राहिले. बटाट्याची कुंडलीच नव्हती! तो सरळ आत आला आणि पाटावर बसला. शिवाय नियम करणारे ग्रंथकार असले तरी ते चालवणारी स्वयंपाकघरे असतात, आणि त्यांचे कधी एकमत झालेले नाही. एका घरी उपासाला कोथिंबीर चालते, शेजारच्या घरी जिरेसुद्धा चालत नाही, आणि दोन्ही घरांची समजूत अशी की, शास्त्र आपल्याकडेच आहे. काकूंचे समाधान झाले की नाही कोण जाणे. पण त्यांनी "आमच्यात जिरं चालत नाही" असे शेजारणीला बजावले, त्यावरून निदान विषय बदलला असे मी धरले.

पुढचा प्रश्न फळांचा होता. सीताफळ आणि रामफळ कुठली? नावावरून अयोध्येची किंवा दंडकारण्याची असावीत असे वाटेल. पण वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते तीही अमेरिका खंडातून आलेली. ज्यांनी त्यांना ही नावे दिली त्यांनी मोठी युक्ती केली; नाव देऊन त्यांनी फळाला गोत्रच दिले. हनुमानफळही त्याच कुळातले, त्याच बाजूचे. हे ऐकून मुलांच्या संघातली एक छोटी मुलगी फार गंभीर झाली. "मग वनवासात सीतेनं काय खाल्लं?" तिने विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. भोपळ्याची आठवण करून देणाऱ्या आजीबाईंनीच ते दिले. "बोरं खाल्ली असतील, बाई. बोरं आपलीच." मी त्यांना पूर्ण गुण दिले. बोरे आपलीच, यात काही शंका नाही.

आणि मग मिरची.

फळा पुसताना मिरची मी मुद्दाम शेवटी पुसली होती आणि तिच्याविषयी काही बोललो नव्हतो. आता बोललो. मिरची मेक्सिको आणि त्याच्या खालच्या मुलखातली. कोलंबस १४९२ साली निघाला तो पूर्वेकडच्या मसाल्यांच्या, मुख्यतः काळ्या मिरीच्या ओढीने. मिरी मिळाली नाही, मिरची मिळाली. आणि त्याने तिला मिरीचेच नाव देऊन टाकले. इंग्रजी अजून तिला 'चिली पेपर' म्हणते. गंमत अशी की, हजारो कोस दूर असलेल्या मराठी माणसानेही नेमके तेच केले. मिरीसारखी तिखट म्हणून 'मिरची'! आणि 'पेपर' हा शब्द तरी कुठला? आपल्या पिंपळीचा. संस्कृत 'पिप्पली' ग्रीकांकडे, रोमनांकडे गेली आणि तिकडे काळी मिरी तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे पिंपळीचे नाव मिरीला, मिरीचे नाव मिरचीला. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतल्यानंतर त्या शतकात मिरची इकडे रुजली. तोपर्यंत आपले तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आले. "म्हणजे," मी जरा रंगात येऊन म्हणालो, "१२९० साली ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा नेवाशात मिरचीचा ठेचा नव्हता."

तेव्हा आप्पा उठले.

आप्पा आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. सोलापूर जिल्ह्यातले, वय ऐंशीच्या घरात, गळ्यात माळ, आषाढीची वारी त्यांनी तरुणपणापासून सोडलेली नाही. ते कोणत्याच संघात नव्हते. जिन्याच्या कठड्याला टेकून, घोंगडी पांघरून बसले होते.

"प्राध्यापक," ते म्हणाले, "मग आमच्या सावतोबांच्या मळ्यात मिरची कुठून आली?"

गच्ची एकदम शांत झाली. ज्यांना प्रश्न कळला ते शांत झाले, आणि ज्यांना कळला नाही ते इतर शांत झाले म्हणून झाले. सावता माळ्यांचा तो अभंग ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसतो. कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांच्या रांगेत मिरचीही आहे. आणि सावता महाराजांनी अरणला समाधी घेतली ती १२९५ साली. कोलंबसाच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी.

आप्पांच्या स्वरात भांडण नव्हते, हे मला आधी सांगितले पाहिजे. भांडण असते तर बरे झाले असते. भांडणाला उत्तर देता येते. ते खरोखर विचारीत होते. ज्या अभंगावर त्यांनी उभ्या आयुष्याची वाट चालली होती त्यातल्या एका शब्दाकडे मी बोट दाखवले होते, आणि आता तो शब्द कुणाचा ते मीच सांगायचे होते. मला हा प्रश्न नवा नव्हता. मराठी शिकवणाऱ्याला तो कधी ना कधी भेटतोच. पण वर्गात तो विद्यार्थ्यांना घालणे निराळे आणि गच्चीवर, चंद्राच्या उजेडात, माळकरी माणसाने तो आपल्याला घालणे निराळे.

"आप्पा," मी म्हटले, "अभंग तोंडातोंडी चालत आले. दिंडीत, कीर्तनात, जात्यावर. गाणाऱ्याच्या मळ्यात मिरची आली, तशी गाण्यातही आली असेल."

"काशिबा गुरवानं लिहून ठेवले होते सावतोबांचे अभंग," ते म्हणाले.

"ठेवले होते. ते पुढच्यांनी उतरवून घेतले, त्यांचे आणखी पुढच्यांनी. ज्ञानेश्वरीचं काय झालं? ती तर ग्रंथ होती. तरी तीनशे वर्षांत तिच्यात इतके पाठ घुसले की, १५८४ साली नाथमहाराजांना ती शुद्ध करायला बसावं लागलं."

नाथांचे नाव निघताच आप्पांनी हात जोडले. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. असा अभंग मुळातच मागाहून कुणी सावतोबांच्या नावावर रचलेला असू शकतो, अशी आणखी एक शक्यता अभ्यासक धरतात. ती मी त्या रात्री बोललो नाही. भिऊन नव्हे. मला स्वतःला ती तितकीशी पटत नाही. ज्या अभंगात मळा इतका हिरवागार आहे तो मळ्यातच झाला असावा, असे मला वाटते. त्यातली एखादी रोपटी नंतर लावलेली असेल, एवढेच.

"मग मूळचं काय असेल?" आप्पांनी विचारले. "मिरी?"

आणि त्यांनी डोळे मिटून, मांडीवर हलकेच ताल धरून ते चरण मिरीचे करून म्हणून पाहिले. एकदा, दोनदा. मग मान हलवली. "नाही बसत. एक अक्षर कमी पडतं. जीभ ठेचकाळते."

"पिंपळी घालून पाहा," मी म्हणालो.

त्यांनी पाहिले. अक्षरे बरोबर बसली. टाळ्या वाजवायला दोन-तीन हात वर आले. पण आप्पांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे, विद्यार्थ्याने चांगला प्रयत्न केला पण उत्तर आले नाही अशा वेळी मी त्याच्याकडे पाहतो तसे पाहिले.

"बसते खरी," ते म्हणाले. "पण पिंपळी अरणच्या मळ्यात? आमच्या कोरडवाहू भागात मी तरी तिचा वेल पाहिला नाही. माळ्याच्या अभंगात माळ्यानं लावलेलंच येणार. तुमचं मिरचीचं ऐकलं. पटतंय. पण पिंपळी म्हणायला सांगाल, तर मी म्हणणार नाही. मी आपली मिरचीच म्हणेन."

"मिरचीच म्हणा," मी म्हणालो. याहून निराळे काही म्हणायची माझी इच्छाही नव्हती. पाठचिकित्सेवर मी आजवर जी व्याख्याने ऐकली त्यांत 'माळ्याच्या अभंगात माळ्याने लावलेलेच येणार' इतका नेमका मुद्दा मांडलेला मला तरी आठवत नाही.

बाकीच्या फेऱ्या भराभर उरकल्या, कारण दूध तयार झाले होते. शंकरपाळ्याचा शंकराशी संबंध काय? काही नाही, तो फारसीतला 'शकरपारा', म्हणजे साखरेचा तुकडा. आकाशकंदिलातला 'कंदील' कुठला? अरबीतून आला, पण अरबांनी तो घेतला लॅटिनच्या 'कांदेला'वरून, आणि इंग्रजीतली 'कँडल' ही त्याची सख्खी चुलत बहीण. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू? मेक्सिकोचा. तिथे एक-दोन नोव्हेंबरला पितरांच्या स्मरणासाठी घरे आणि थडगी याच फुलांनी सजवतात. इंग्रज मात्र त्याला 'आफ्रिकन' म्हणतात, कारण नावे ठेवण्यात चुकण्याचा मक्ता काही एकट्या आपल्याकडे नाही. मग थोडे उलटेही विचारले, नाहीतर सगळे आपण घेतलेलेच, असा समज झाला असता. 'शुगर' आपल्या शर्करेची, 'ऑरेंज' आपल्या नारंगाचे, आणि 'जिंजर' शृंगवेराचे. शृंगवेर म्हणजे आले, हे मात्र कुणालाच आले नाही.

बायकांचा संघ मोठ्या फरकाने जिंकला. झेंडे पाठ करून आलेला मुलगा नाराज झाला, म्हणून मी त्याला शेवटी एक झेंडा विचारला. त्याने तो ओळखला.

आप्पा यंदा आषाढीहून परतताना वाकडी वाट करून अरणला जाऊन आले. समाधीपाशी बसून त्यांनी तिथल्या दोघा-तिघा जुन्या भजनकऱ्यांना विचारले, म्हणे, की तुमच्याकडे काय म्हणतात. सगळे मिरचीच म्हणतात. कुणाला त्यात काही अडलेले दिसले नाही. त्यांनी कोलंबसाची गोष्टही सांगून पाहिली. भजनकऱ्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि चहा मागवला. येताना आप्पांनी मोडनिंबच्या बाजारातून पिशवीभर लाल मिरच्या आणल्या. निम्म्या स्वतःकडे ठेवल्या आणि निम्म्या आमच्या दाराशी आणून दिल्या. आमच्या सौ.नी त्या उन्हात वाळवून, कुटून ठेवल्या आहेत. फार तिखट आहेत. यंदाच्या चकलीत नेहमीपेक्षा निम्मेच तिखट घालावे लागले.